आकड्यांची ओसरी : आपल्या वजनाइतके वजन



"काका, बेंच किती मारता?" हा प्रश्न हल्ली अझैब्यात सत्तरी ओलांडलेल्या माणसालाही चुकत नाही. १८ नोव्हेंबर रस्त्याच्या अल्याड-पल्याड राहणारी आपली मुले संध्याकाळी जिमला जातात, आणि कार्यक्रमाला भेटली की हिशोब मांडतात. हिशोबाची रीत ठरलेली : बाकावर उताणे पडून छातीवरून बार किती किलोंचा ढकलला, भागिले स्वतःचे वजन. उत्तर एक आले की गडी पास, सव्वा आले की हिरो. पाऊण आले तर तो बिचारा चिवड्याची बशी घेऊन कोपऱ्यात जातो.

उभे आयुष्य गणित शिकवण्यात गेल्यामुळे मला या भागाकाराबद्दल दोन शब्द बोलावेसे वाटतात. भागाकार चुकीचा नाही. पण त्यात एक खोच आहे, आणि ती दिवाळीच्या लाडवावरून सहज समजते.

बेसनाचे दोन लाडू घ्या. दुसऱ्याचा व्यास पहिल्याच्या दुप्पट. मधोमध कापले, तर मोठ्याच्या कापलेल्या तोंडाचे क्षेत्रफळ चौपट भरेल, पण तराजूत तो आठपट भरेल. शरीराचेही साधारण असेच. स्नायूचा जोर त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. वजन मात्र घनफळाने वाढते. म्हणून माणूस जसा मोठा होतो तसा त्याचा जोर वाढतो, पण वजनाच्या मानाने कमी वाढतो. गॅलिलिओने १६३८ साली हाडे आणि तुळयांच्या संदर्भात हेच सांगून ठेवले आहे. मुंगी आपल्या वजनाच्या कित्येक पट ओझे उचलते आणि हत्तीला ते जमत नाही, त्याचे कारणही हेच. त्यात मुंगीचा पराक्रम थोडा आणि भूमितीचा जास्त.

१९५६ साली लिट्झ्के नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने अव्वल वेटलिफ्टरांचे आकडे आलेखावर मांडले. जोर हा वजनाच्या ०.६७ व्या घाताच्या प्रमाणात वाढतो, असे त्याला आढळले. म्हणजे जवळजवळ बरोबर दोन-तृतीयांश, लाडवाचाच नियम!

आता आपल्या मातीतले उदाहरण घेऊ. सांगलीचा संकेत सरगर. वडिलांची चहा-पानाची टपरी. तिथे हातभार लावत तो घडला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, असे एकूण २४८ किलो उचलले. कोपराला दुखापत झाली आणि सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकले. २४८ भागिले ५५, म्हणजे साडेचार पट. दुसरीकडे जॉर्जियाचा लाशा तालाखाद्झे. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने एकूण ४८८ किलो उचलले. त्याचे स्वतःचे वजन होते पावणेदोनशे किलोंच्या आसपास. पट निघते जेमतेम पावणेतीन. मग संकेत त्याच्या दीडपट ताकदवान म्हणायचा का? दोन-तृतीयांश घाताने भागा : संकेतचे सुमारे १७, लाशाचे सुमारे साडेपंधरा. दोघे एका पंक्तीला येऊन बसले. उरलेला फरकही समजण्यासारखा आहे, कारण सर्वांत जड गटात वजनाला वरची मर्यादा नसते आणि त्या वजनात सगळे स्नायूच असतात असे नाही.

वजनगट निघाले ते यासाठीच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात खेळले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्यांना शंभर किलोंच्या मल्लाबरोबर मोजले असते तर ते पदक कुठून येणार?

हे जिममध्ये लावून पाहू. ६० किलोंचा मुलगा ६० किलो ढकलतो. तितक्याच तोडीच्या ९० किलोंच्या गड्याने किती ढकलावे? साध्या भागाकाराने ९०. दोन-तृतीयांश नियमाने सुमारे ७९. म्हणजे ९० किलोंचा गडी ८० वर थांबला तर तो मागे पडला नाही. फूटपट्टी त्याला आखूड पडली. हात लांब असले की बारला वरपर्यंत जास्त अंतर जावे लागते, तेही या भागाकाराला दिसत नाही. आणि मुलींना मुलांची फूटपट्टी लावूच नये. सरासरीने स्त्रियांचा कमरेवरचा जोर पुरुषांच्या निम्म्याहून थोडा अधिक असतो. पायांत हा फरक बराच कमी होतो. जी मुलगी आपल्या वजनाच्या अर्धे ढकलते, ती काही कच्ची नव्हे.

आता मला खरे सांगायचे आहे ते. भागाकार दोन तऱ्हांनी वाढतो : वरचा आकडा वाढवा, नाहीतर खालचा घटवा. ६० किलोंचा मुलगा ५७ ढकलत होता, पट ०.९५. त्याने महिनाभर जेवण निम्मे केले. वजन ५४ झाले आणि बारही ५४ वर आला. पट बरोबर एक! मित्रांनी टाळ्या दिल्या. पण मुलाची ताकद ३ किलोंनी घटली होती. असे उपाशी राहून एकावर पोचलेली मुले मी पाहतो, तेव्हा हा आकडा मला धोक्याचा वाटतो. वाढीच्या वयात ताटातली आमटी आणि अंडे काढून भागाकार सुधारू नका.

हाच भागाकार त्यांच्या वडिलांना मात्र उपयोगी आहे. पंचविशीत मस्कतला उतरले तेव्हा वजन ६०, आज पन्नाशीत ८०. तेव्हा ४० किलो ढकलत होते आणि आजही ४० च ढकलतात असे धरू. पट ०.६७ वरून ०.५ वर आली. बार तोच आहे, वाढले ते पोट. घर, गाडी, ऑफिस सगळीकडे एसी. मे ते सप्टेंबर बाहेर पाऊल टाकवत नाही. त्यात आपल्या दक्षिण आशियाई लोकांना तुलनेने कमी वजनावरच मधुमेह गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकांसाठी बीएमआयची सावधगिरीची रेषा २५ ऐवजी २३ वर सुचवली, ती उगीच नव्हे.

आणि ताकद ही फक्त दाखवायची वस्तू नाही. २०१५ साली भारतासह १७ देशांतील सुमारे १,४०,००० लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुठीची पकड दर ५ किलोंनी कमी असेल, तर मृत्यूचा धोका सरासरी १६ टक्क्यांनी जास्त आढळला. यावरून पकड वाढवली की आयुष्य वाढतेच असे सिद्ध होत नाही. पण कमी ताकद हा इशारा आहे, एवढे नक्की. सर्व प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा आणि पासष्टीनंतर तीन दिवस ताकदीचा व तोल सांभाळण्याचा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

यासाठी बाकच हवा असे नाही. आपल्या तालमींतल्या जोर-बैठकांना बार लागत नाही. साध्या दंडात शरीराचे सुमारे दोन-तृतीयांश वजन हातांवर येते, गुडघे टेकले तर निम्मे. ८० किलोंच्या बाबांनी एक दंड काढला म्हणजे पन्नासच्या वर किलो ढकलले, तेही फुकटात. माझ्या वयाच्या मंडळींनी भिंतीला हात लावून सुरुवात करावी, आणि रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. श्वास रोखून धरू नये.

जिमवाल्यांसाठी एक युक्ती. एकदाच जास्तीत जास्त किती उचलते हे पाहण्यासाठी जीव धोक्यात घालू नका. जे वजन दहा वेळा नीट ढकलता येते त्याला एक अधिक दहा-तीसांशाने गुणा. ४० किलो दहा वेळा, म्हणजे एकदाचे अंदाजे ५३. हा अंदाज वहीत लिहा, तीन महिन्यांनी पुन्हा लिहा. तुलना त्या दोन ओळींची करा, शेजारच्याची नको. आणि बाकावर एकटे असाल तर भारी वजन लावू नका. मागे कोणीतरी उभे हवेच.

नेहमीप्रमाणे गृहपाठ. बाबांचे वजन ८०, ते ५० किलो ढकलतात. मुलाचे वजन ६४, तो ४२ ढकलतो. साध्या भागाकाराने कोण पुढे? आणि वजनाचे घनमूळ काढून त्याचा वर्ग करून भागले तर कोण पुढे? मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर चालेल. बापलेकांनी एकत्र बसून सोडवावे, मग उत्तरावरून भांडण झाले तरी हरकत नाही.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. करंज्या अवश्य खा. आता हवा सुधारली आहे, संध्याकाळी अझैब्याच्या किनाऱ्यावर भेटूच.