शीव ओलांडली तरच मजूर?



जॉबर कोण होता, हे तुम्हांला सांगायला नको. आपले आजे-पणजे रत्नागिरी-साताऱ्याहून परळ-लालबागला आले, तेव्हा गिरणीच्या फाटकावर राज्य जॉबरचे होते. दस्तुरी दिली तर साचा, नाही दिली तर धर गावची वाट! १९३१ साली खुद्द गोऱ्या सरकारच्या कामगार आयोगाने लिहिले की, भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढून घ्या. पण नुसत्या कागदाने जॉबर हलला नाही. त्याची सद्दी मोडायला कामगारांची एकजूटच लागली.

तोच जॉबर आज उसाच्या फडात मुकादम होऊन उभा आहे. बीडचा गडी पावसाळ्यात उचल घेतो, दिवाळीच्या सुमारास बायकोपोरांसह निघतो. नवराबायको दोघे राबतात, हिशोबात मात्र 'एक कोयता'! उचल फिटली की नाही, हे मुकादमाची वही सांगणार. आणि साखर कारखाना हात झटकणार, "हे आमचे मजूर नव्हेत, मुकादमाचे!"

कायदा नाही काय? होता! ओडिशातल्या दादन मजुरांची लूट चव्हाट्यावर आली आणि १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. कंत्राटदाराला परवाना, मजुराच्या हाती फोटोचे पासबुक, जाण्यायेण्याचे भाडे, विस्थापन भत्ता, राहायला जागा. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने भरायची. कलमे चांगली होती. पण मेख कुठे? 'आंतरराज्य' या एका शब्दात!

कागलचा माणूस कंत्राटदाराबरोबर वीसपंचवीस किलोमीटरवर निपाणीला गेला, की तो स्थलांतरित. गोंदियाचा माणूस हजारेक किलोमीटर तुडवून मुंबईला आला, तर तो कोणीच नव्हे! बीडचा तोडकरी बेळगावच्या फडात गेला तर या कायद्याचा धनी, कोल्हापूरच्या फडात गेला तर उपरा. अहो, बेळगाव-निपाणी महाराष्ट्रात यावी म्हणून आपण लढतो. ती उद्या आली, तर तिथल्या आपल्याच तोडकऱ्याचे हे हक्क जाणार काय? मराठी राज्य मागितले ते असल्या न्यायासाठी?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी कामगार संहिता लागू झाली आणि १९७९ चा कायदा गेला. आपणहून आलेला मजूर व्याख्येत घेतला, एवढे बरे केले. पण पाच मजुरांची अट दहावर नेली, विस्थापन भत्ता गाळला आणि 'आंतरराज्य' शब्द तसाच ठेवला! कर्जापोटी माणूस बांधून ठेवणे १९७६ पासून गुन्हा आहे. मग उचलीची वही कोण तपासतो?

कामगार हा विषय केंद्राबरोबर राज्याच्याही अखत्यारीत येतो. म्हणून दिल्लीकडे बोट दाखवू नका. आम्ही मुंबईच्याच सरकारकडे मागतो :

१. जिल्हा सोडून कामाला जाणारा प्रत्येक मजूर स्थलांतरित माना.
२. मुकादमाला परवाना, मजुराला मराठीत लेखी करार आणि पासबुक द्या.
३. भरतीचा खर्च आणि मुकादमाचे कमिशन मालकाने भरावे. मजुराच्या मजुरीतून एक पैसाही कापता कामा नये.
४. नवऱ्याचे नाव वेगळे, बायकोचे वेगळे, मजुरीही ज्याची त्याच्या हाती.

बंधूंनो, फडातला तोडकरी परका नव्हे. जॉबरच्या दारात उभे राहिलेले आपले आजे-पणजे तेच होते. कोयत्याच्या मोर्चात साचेवाला दिसलाच पाहिजे!

मुकादमशाही, मुर्दाबाद! जय कामगार! जय महाराष्ट्र!