अव्वाची कॅसेट आणि साठ सालचा माईक

आमच्या निपाणीच्या घरात रेडिओ लागायला वेळ लागायचा. बटण फिरवलं की आधी काचेमागचा दिवा लागे, मग आतले व्हॉल्व्ह तापत आणि त्यानंतर कुठे आवाज येई. अव्वा, म्हणजे माझ्या आईची आई, चुलीपाशी बसून म्हणायची, "थांब रे, त्याला जरा ऊब येऊ दे." धारवाड केंद्र १९५० साली सुरू झालं, सांगली १९६३ साली. आमच्याकडे दोन्ही ऐकली जात. कन्नड कुठे संपलं आणि मराठी कुठे सुरू झालं, हे घरात कुणी मोजत नसे.

परवा पुण्यात त्या रेडिओची आठवण झाली. भाचा तिथे एका स्टुडिओत रेकॉर्डिंगचं काम करतो. त्याने मला गायकाच्या खोलीत नेलं आणि एक जाडजूड माईक दाखवला. "मामा, हा न्यूमन यू ६७. तापू दे, मग बोल."

बर्लिनच्या न्यूमन कंपनीने हा माईक १९६० साली काढला. जाळीआड सोन्याचा मुलामा दिलेला, केसापेक्षा कितीतरी पातळ पडदा असतो. पडद्यात आणि मागच्या धातूच्या तबकडीत विजेचा भार ठेवलेला असतो. आवाजाने पडदा थरथरला की दोघांतलं अंतर किंचित बदलतं आणि त्याबरोबर वीजही. पण ती इतकी नाजूक, की लांब तारेतून जाता जाताच विरून जाईल. म्हणून माईकच्या पोटातच एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो तिला बळ देतो. आमच्या रेडिओतल्या व्हॉल्व्हचाच हा भाऊबंद!

या माईकचा थोरला भाऊ यू ४७, १९४९ सालचा. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीटल्स त्याच्यापुढे गायले. पण त्यात टेलिफुंकेन कंपनीचा एक ठरावीक व्हॉल्व्ह लागे. तो बनायचा बंद झाला आणि काही वर्षांनी माईकही बंद पडला. यू ६७ मध्ये सहज मिळणारा व्हॉल्व्ह घातला होता, तरी ट्रान्झिस्टरच्या लाटेपुढे तोही टिकला नाही. १९७१ च्या सुमारास तो थांबला. मग जुन्या माईकच्या किमती चढत गेल्या. शेवटी २०१८ साली कंपनीने जुन्या आराखड्याप्रमाणे तो पुन्हा बाजारात आणला. पडदा तसाच, ट्रान्सफॉर्मर तसाच, व्हॉल्व्ह निवडून घेतलेले. किंमत एखाद्या लहान मोटारीएवढी.

मी खिशातून एक कॅसेट काढली. १९८८ साली दिवाळीत अव्वाने जात्यावरची गाणी म्हटली होती, ती मी टेपवर घेतली होती. आधी मराठी ओवी, मग कन्नड बीसुव पद, एकाच दमात. पुढे त्याच कॅसेटवर मीच सिनेमाची गाणी भरली. आता अव्वाची जेमतेम चार मिनिटं उरली आहेत, तीही खरखरीत. भाच्याला विचारलं, "एवढा भारी माईक आहे, यातून काही सुधारेल का?"

त्याने कॅसेट नीट पाहिली आणि हळूच म्हणाला, "मामा, खरखर थोडी कमी करता येईल. पण पुसलेलं परत येणार नाही. माईक समोर बसलेल्याचाच आवाज घेतो."

येताना गाडीत गंगूबाई हनगलांची आठवण झाली. १९३० च्या दशकात 'गांधारी' या नावाने त्यांच्या तबकड्या निघाल्या, त्यांत मराठी भावगीतंही होती. त्या आवाजात मुलीचा कोवळेपणा आहे. पुढे घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला आणि तोच आपल्याला परिचयाचा. पहिला आवाज खुद्द गंगूबाईंनाही परत मिळाला नाही. तो उरला फक्त त्या तबकड्यांत, कारण तेव्हा कुणीतरी तो टिपून ठेवला होता. माईक पन्नास वर्षांनी पुन्हा घडवता आला. गळ्याचा आराखडा मात्र कुठल्या कारखान्यात नसतो.

चिक्कव्वा, म्हणजे आईची धाकटी बहीण, चिकोडीला असते. वय ८४. अव्वाची बरीच पदं तिला येतात. गेल्या रविवारी तिच्याकडे गेलो. भाच्याने सांगितल्याप्रमाणे पंखा बंद केला, फ्रिजचा खटका काढला. भिंतीला गोधडी टांगली, म्हणजे आवाज घुमत नाही. मोबाईल चार घड्या केलेल्या टॉवेलवर, तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा बाजूला ठेवला, म्हणजे श्वासाचा फुसकारा येत नाही. आणि म्हटलं, "चिक्कव्वा, ओंद हाड हेळ."

आधी लाजली, मग तासभर थांबेना. मधेच दारात भाजीवाला ओरडला, तोही आला आहे. एका कन्नड पदात तिने आईचं नाव गुंफलं, तिथे माझाच हुंदका आलाय. भाचा म्हणतो, तेवढं काढून टाकू. मी नको म्हटलं.

मात्र त्याच रात्री सगळं दुसऱ्या दोन ठिकाणी उतरवून ठेवलं. तुमच्याकडे अशी कुणी चिक्कव्वा, आत्या, अज्जी असेल तर येत्या रविवारी पंखा बंद करा. आणि जुनी कॅसेट सापडली, तर तिच्यावर दुसरं काही भरू नका.