तिला उपाशी ठेवलं नव्हतं

पाऊस सुरू झाला आहे. बिळांत पाणी शिरतंय. या दिवसांत घोरपडी बाहेर पडतात, बांधावर येतात, गोठ्यात शिरतात, कधी मोरीतून थेट घरात. आणि दर पावसाळ्यात कुणीतरी एखादी पकडतं, पोत्यात घालतं आणि हौसेनं पाळायला ठेवून घेतं. म्हणून आजच लिहितोय. हे वाचून बाजूला ठेवू नका. तुमच्या घरात नसेल, पण शेजारी असेल, भाच्याच्या खोलीवर असेल. विचारा.

मी जनावरांचा डॉक्टर. तालुक्याच्या गावी गाईम्हशी, शेळ्या, कुत्री तपासण्यात माझी उभी हयात गेली. गेल्या पावसाळ्यात शाळेच्या गणवेशातली दोन भावंडं दवाखान्यात आली. दोघांनी मिळून भाजीचं क्रेट धरलेलं, वर सुतळीनं बांधलेला पत्रा. आत हातभर लांबीची घोरपड. नऊ दिवस ती त्यांच्या पलंगाखाली होती, फरशीवर. मोठ्यानं खाऊच्या पैशातून बोनलेस चिकन आणलं होतं. धाकटा दुधात पोळी कुस्करून घालत होता.

हात लावला तर ती माठासारखी गार. पोट टम्म, एका बाजूला दगडासारखं घट्ट. उचलली तशी तिनं तोंड वासलं आणि चिकनचे तुकडे बाहेर टाकले. चार दिवसांपूर्वी खाल्लेले. रंग गेला होता, पण सुरीच्या कडा अजून दिसत होत्या. वास असा, की खिडक्या उघडाव्या लागल्या. मोठा रडवेला होऊन म्हणाला, "डॉक्टर, आम्ही तिला एक दिवसही उपाशी ठेवलं नाही हो."

खरंच नव्हतं ठेवलं. वनरक्षक त्याच संध्याकाळी येऊन तिला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. भरल्या पोटी गेली.

हे असं का होतं, ते नीट समजून घ्या, आणि घरात सगळ्यांना सांगा. आपलं अंग आतून गरम असतं. बाहेर पाऊस असो की थंडी, जेवलेलं पचतं. घोरपडीच्या अंगात ही चूल नाही. तिची चूल म्हणजे ऊन. सकाळी ती तापल्या खडकावर पोट टेकून पसरते, अंग ३५ अंशांच्या आसपास आलं की मग शिकारीला निघते, आणि खाल्लं की पुन्हा उबेला येते. ती घास चावून खात नाही. भुंगेरे, खेकडे, बेडूक, उंदीर, सगळं जवळजवळ अख्खं गिळते, कवचासकट, हाडांसकट. एवढं विरघळवायला पोटात ऊब हवी. ऊब मिळाली नाही, तर गिळलेलं तिथेच पडून राहतं आणि कुजतं. आतडी सुस्तावतात. मग उलट्या, पोटफुगी, विषबाधा. पलंगाखाली कुठलं आलंय ऊन? ट्यूबलाइटच्या उजेडानं तिचं अंग तापत नाही. गोधडीनंही नाही, कारण गोधडी आपलीच ऊब धरून ठेवते आणि तिच्याकडे स्वतःची ऊब नसतेच.

तेव्हा तुमच्या घरात अशी घोरपड या क्षणी असेल, तर पहिलं काम हे करा. खायला घालणं थांबवा. दूध नको, पोळी नको, अंडं नको, चिकन नको. तोंड उघडून भरवणं तर मुळीच नको. तुमच्या मायेपोटी दिलेला एकेक घास तिच्या पोटात ओझं होऊन बसतो आहे.

आणि बोनलेस चिकनबद्दल थोडं, कारण महागाचं म्हणजे चांगलं, असं पोरांना वाटतं. रानात ती उंदीर खाते तेव्हा उंदराची हाडंही खाते. त्या हाडांतून तिला कॅल्शियम मिळतं. नुसत्या मांसात ते जवळपास नसतंच. जोडीला उन्हातले अतिनील किरण लागतात, आणि ते खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. काचेच्या पेटीत, काचेच्या खिडकीपाशी ठेवलेली घोरपड तुम्हाला उन्हात बसलेली दिसते. तिच्या हाडांना मात्र त्या उन्हाचा उपयोग नसतो. आधी ती सुस्त होते. मग जबडा रबरासारखा मऊ पडतो, मागचे पाय फरफटायला लागतात. आतडी ढकलणाऱ्या स्नायूंनाही हेच कॅल्शियम लागतं, त्यामुळे पोट आणखी तुंबतं. पेटीत खडी किंवा लाकडाचा भुसा घातला असेल, तर तोही घासाबरोबर पोटात जातो आणि आतड्यात बोळा होऊन बसतो. असा बोळा सोडवणं कुठल्याही डॉक्टरला सोपं नाही. मला तर नाहीच जमलेलं.

आता तुमच्या माणसांचं बोलू. घोरपडीच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. तिला त्यांचा त्रास होत नाही, ती धडधाकट दिसते. ते विष्ठेतून बाहेर पडतात आणि फरशीवर, क्रेटवर, तिच्या कातडीवर राहतात. त्याच फरशीवर तुमचं नातवंड रांगतं. तेच क्रेट मोरीत धुतलं, की शेजारीच भांडी घासली जातात. पाच वर्षांखालचं मूल, गरोदर सून, थकलेली आजी, यांना हे दुखणं जड जातं. ताप, जुलाब, काही वेळा जंतू रक्तातही शिरतात. तेव्हा हात साबणानं धुवा, आज धुवा, मुलांचेही धुवा. ती जागा फिनेलनं पुसून घ्या. घरात कुणाला जुलाब-ताप असेल, तर डॉक्टरांना घोरपडीचं सांगा. लपवू नका.

कायद्याचंही सांगायलाच हवं, कारण पुष्कळांना ते ठाऊकच नसतं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. तिला पकडणं, पाळणं, विकणं, मारणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं, आणि दंड निदान २५ हजार रुपये. असा प्राणी हाती आला, तर ४८ तासांच्या आत वनखात्याला किंवा पोलीस ठाण्यात कळवायला कायदा सांगतो. तिच्या तेलासाठी, कातड्यासाठी, 'हत्ताजोडी'साठी विचारत कुणी दारात आलं, तर त्याला उभं करू नका. झाडाचं मूळ म्हणून जी हत्ताजोडी देव्हाऱ्यात ठेवायला विकली जाते, ती नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रियं असतात. आणली असेल कुणी तुमच्याकडे, तर खरं काय ते त्यांना सांगा.

माणसं ऐकतात, हा माझा अनुभव आहे. गोव्यातलं घुमट हे वाद्य बघा. पिढ्यान् पिढ्या त्यावर घोरपडीचं कातडं चढवलं जायचं. त्यावर बंदी आली, कलाकारांनी बकरीचं कातडं चढवायला घेतलं, आणि चवथीच्या आरत्या पूर्वीसारख्याच घुमल्या. २०१९ मध्ये त्याच घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा मान मिळाला. तुम्हाला तर फक्त एक फोन लावायचा आहे.

शेतकरी दादांनो, तुम्हाला वेगळं सांगतो. वॉल्टर ऑफेनबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं घोरपडीवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, १९९४ साली तो निघाला. ती काय खाते हे त्यानं बारकाईनं पाहिलं, आणि तिच्या खाण्यात किडेच जास्त निघाले, त्यांतही भुंगेरे. आता उसाची मुळं कुरतडणारी हुमणी म्हणजे भुंगेऱ्याचीच अळी, हे तुम्हाला मी काय सांगणार? बांधावरची घोरपड बांधावरच राहू द्या. कोंबडीचं अंडं नेते म्हणून काठी उचलू नका. खुराड्याला जाळी मारा, काम भागतं.

एक शब्द परदेशातल्या आपल्या माणसांसाठी. अमेरिकेत, युरोपात दुकानांतून सव्हाना मॉनिटर नावाची घोरपड मिळते. घाना, टोगो, बेनिनमधून आलेलं हे पिल्लू तळहातावर मावतं आणि फार गोड दिसतं. मुलाच्या वाढदिवसाला घ्यावंसं वाटेल. थांबा. ते तीन-चार फूट वाढतं. त्याला निदान आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच जागा लागते, म्हणजे आपल्या पलंगापेक्षा मोठी. बीळ करता येईल अशी दोन फूट खोल दमट माती लागते. एका टोकाला पन्नास अंशांच्या वर तापलेली जागा, दुसऱ्या टोकाला गारवा. अतिनील दिवा, आणि तो ठरल्या मुदतीत बदलणं. खायला किडे आणि गोगलगायी. रोज उंदीर घातले, तर चरबी यकृतावर चढते आणि जनावर ऐन उमेदीत मरतं. हे सगळं वर्षानुवर्षं जमणार असेल तरच हात घाला. आधीच घरात असेल, तर आजच थर्मामीटर लावून बघा आणि सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर गाठा.

आणि इथे, आपल्या गावात, घोरपड घरात शिरलेली दिसली तर घाबरू नका. ती विषारी साप नाही. मुलांना आणि कुत्र्याला बाजूला घ्या. बाहेरचं दार सताड उघडं ठेवा, लांब उभे राहा. ती वाट काढून जाते. शेपटीला धरू नका. शेपटीचा फटका लागतो, नखं ओरबाडतात, चावा खोल जातो. चावलीच, तर जखम साबणानं धुऊन दवाखान्यात जा.

पकडून ठेवलेली असेल, तर स्वतः गाडीवर घालून रानात सोडायला जाऊ नका. तुंबल्या पोटाची, गारठलेली घोरपड पावसात सोडली तर ती तिथेच मरते. तिला शांत, कोरड्या जागी ठेवा. झाकणाला भोकं पाडा. उथळ ताटलीत पाणी ठेवा. मोबाईल काढून फोटो घेणाऱ्यांना बाहेर काढा. मुलांना रागावू नका. त्यांना जवळ बसवा, त्यांच्यासमोरच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा, आणि पत्ता त्यांनाच सांगू द्या. ती दोन भावंडं माझ्याकडे आली तो नववा दिवस होता. तुमच्याकडे आज कितवा आहे, मोजा. आणि फोन लावा.