दंतवैद्यकाचें महाविद्यालय : नवें कीं जुनें?

गेल्या महिन्यांत एके सायंकाळीं जठारपेठेंत राहणारे आमचे एक स्नेही मुद्दाम घरीं आले. हातांत दोन माहितीपत्रकें होतीं. एक लग्नपत्रिकेसारखें गुळगुळीत व रंगीत, दुसरें साध्या कागदाचें. त्यांची कन्या यंदा 'नीट' परीक्षेंत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली असून तिला दंतवैद्यक शिकावयाचें आहे. पसंतिक्रमाचा अर्ज भरावयाचा होता, आणि पहिला क्रमांक कोणास द्यावा याचा घरांत चार दिवस खल चालला होता. एकीकडे नागपूरचें शासकीय दंत महाविद्यालय. दुसरीकडे पश्चिम महाराष्ट्रांतील एक अगदीं नवें खाजगी महाविद्यालय. पहिल्याची फी पगारांतून भागण्यासारखी. दुसऱ्याकरितां मात्र गोरक्षण मार्गावर घेऊन ठेवलेला प्लॉट विकणें भाग.

"मग यांत विचारण्यासारखें काय आहे?" आम्हीं म्हटलें.

स्नेही जरा घुटमळले. म्हणाले, "अहो, नव्या ठिकाणीं सर्व यंत्रें अद्ययावत् आहेत, वसतिगृहांत स्वतंत्र खोली आहे. प्लॉट जाण्याचें मला दुःख नाहीं. पण बाबांनीं स्वस्तांतलें पाहून दिलें, असें उद्यां मुलीला वाटलें तर?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाहीं. आज वऱ्हाडांतील कित्येक घरांत तो याच रूपानें उभा असतो. म्हणून वाचकांपुढें त्याचा थोडा विस्तारानें विचार करतों.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळीं ही अडचण नव्हती, कारण निवडीस वावच नव्हता. वऱ्हाडांतील मुलास वैद्यक शिकावयाचें तर १९१४ सालीं निघालेलें नागपूरचें रॉबर्टसन मेडिकल स्कूल, नाहीं तर थेट मुंबई. दंतवैद्यकाची रीतसर संस्था तर देशांत १९२० पर्यंत नव्हती. त्या सालीं अमेरिकेंत शिकून आलेल्या डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं कलकत्त्यास पहिलें दंत महाविद्यालय काढलें. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ मध्यें सुरू झालें, नागपूरचें १९६८ मध्यें. आज देशांत अशीं महाविद्यालयें तीनशेंहून अधिक असून त्यांतील बहुतेक खाजगी आहेत. अकोल्या-अमरावतीसही तीं आहेत. यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. आज जुनें म्हणून ज्याचा गौरव होतो, तें प्रत्येक एके काळीं नवेंच होतें, आणि त्याच्याही पहिल्या तुकडीच्या आईबापांनीं धाकधुकीनेंच मुलें पाठविलीं असतील. तेव्हां जुनें म्हणून माथ्यावर घ्यावें आणि नवें म्हणून नाक मुरडावें, हा न्याय नव्हे. पाहावयाचें तें दुसरेंच.

पदवीच्या दृष्टीनें दोहोंत फरक नाहीं. अभिमत विद्यापीठें सोडलीं तर राज्यांतील सर्व दंत महाविद्यालयें १९९८ मध्यें स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशीं संलग्न आहेत. परीक्षा एक, पदवी एक. मग वेगळें काय मिळतें? मिळतो तो हात. अभ्यासक्रम चार वर्षांचा व त्यापुढें एक वर्ष उमेदवारीचें. आरंभीं विद्यार्थी मेणाच्या ठोकळ्यांतून दांत कोरावयास शिकतो. मग कृत्रिम जबड्यावर दांत भरण्याचा व कवळी करण्याचा सराव करतो. परंतु तिसऱ्या वर्षापासून समोर जिवंत माणूस लागतो. दांत काढणें, किडलेला दांत भरणें, दाढेच्या मुळांतील शीर साफ करणें, हीं कामें पुस्तकानें येत नाहींत. एकामागून एक रोगी हाताखालून गेला म्हणजे येतात.

आणि रोगी ही वस्तु विकत घेतां येत नाहीं. खुर्ची पैसे टाकले कीं उद्यां येते, इमारत दोन वर्षांत उभी राहते. पण खेड्यांतील शेतकऱ्यानें दाढ ठणकतांच अमुक दवाखान्याचीच वाट धरावी, या विश्वासाला बरीच वर्षें लागतात. विदर्भांत तर खऱ्र्याच्या व्यसनानें तोंड उघडेनासें झालेले तरुण पुष्कळ. गालाच्या आंतील पांढरट, ताठर झालेली त्वचा वेळींच ओळखतां येणें म्हणजे कित्येकदां कर्करोगापासून माणूस वाचविणें होय. ही नजर ज्याला यावयाची, त्यानें अशीं तोंडें शेकड्यांनीं पाहिलीं पाहिजेत. म्हणून आमचा पहिला प्रश्न असा : बाह्यरुग्ण विभागांत रोज किती रोगी येतात, आणि ते किती विद्यार्थ्यांत वांटले जातात?

दुसरा प्रश्न कागदाचा. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यास १९९३ मध्यें झालेल्या दुरुस्तीनें नव्या महाविद्यालयास केंद्र सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. ही परवानगी आरंभीं वर्षावर्षानें वाढवून घ्यावी लागे, आणि पदवीस कायम मान्यता मिळे ती पहिली तुकडी अंतिम परीक्षेस बसते त्या सुमारास. त्या कायद्याच्या जागीं आणावयाचा राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संसदेनें २०२३ मध्यें संमत केला आहे. नियामक संस्था कोणतीही असो, यंदाच्या प्रवेशाची परवानगी हातांत आहे कीं 'येणार आहे', हें पालकांनीं लेखी पाहावें. 'येणार आहे' या दोन शब्दांवर मुलीचीं पांच वर्षें टांगूं नयेत.

तिसरा प्रश्न पैशाचा. खाजगी महाविद्यालयांची फी २०१५ च्या राज्य कायद्यान्वयें शुल्क नियामक प्राधिकरण ठरवितें. पण त्या आंकड्यावर हिशेब संपत नाहीं. वसतिगृह, खानावळ, उपकरणें, अनामत हें सारें पांच वर्षांचें मांडून पाहावें. शिवाय दंतवैद्याचा खरा खर्च पदवीनंतर सुरू होतो. जागेची पागडी, रोग्याची खुर्ची, क्ष-किरण यंत्र, उपकरणें निर्जंतुक करण्याची सोय, आणि पुढें शिकावयाचें तर आणखी तीन वर्षें. पदवीपायींच प्लॉट गेला तर तेव्हां काय विकणार? खुर्चीवांचून दंतवैद्य म्हणजे ऐरणीवांचून लोहार.

हें सर्व सांगून आम्हीं स्नेह्यांस म्हटलें, "आतां आमचेंही ऐकूं नका. मुलीला घेऊन दोन्हीं ठिकाणीं जा. कामाच्या दिवशीं, सकाळीं दहा वाजतां, आगाऊ न कळवितां."

ते तसे गेले. नव्या ठिकाणीं सर्वांनीं आदरानें वागविलें, चहा दिला, एकूणएक दालन दाखविलें. शिक्षक तरुण व उत्साही होते, तुकडी लहान होती. हीं दोन्ही बलस्थानें आम्हीं मोकळ्या मनानें मान्य करतों. परंतु खुर्च्यांवरील कापडी खोळी बहुतेक तशाच होत्या. नागपुरास चहा कोणी विचारला नाहीं. तेथें केसपेपरासाठीं रांग होती, बांकांवर गाल धरून बसलेलीं माणसें होतीं, आणि अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी एका म्हाताऱ्या बाईंच्या कवळीचें माप घेण्यांत इतकी गढली होती कीं, हीं मंडळी मागें उभीं आहेत हें तिला कळलेंही नाहीं. परतीच्या गाडींत मुलगी आपण होऊन म्हणाली, "बाबा, त्या नव्या कॉलेजांत शिकवायला सगळें आहे, पण शिकायला तोंडें कुठें आहेत?"

पहिला क्रमांक नागपूरला गेला.

आतां राहिली स्नेह्यांच्या मनांतली ती बोच. शासकीय महाविद्यालयाची फी कमी असते ती तेथील शिक्षण हलकें म्हणून नव्हे. उरलेला खर्च सारी जनता आपल्या करांतून सोसते म्हणून. तेव्हां त्यांत बापाचा चिक्कूपणा नाहीं; असलेंच तर मुलीवर एक ऋण आहे, आणि तें फेडावयास खऱ्यानें आंवळलेलीं वऱ्हाडचीं तोंडें पुष्कळ आहेत. ज्यांना गुणांमुळें जुन्या संस्थेंत जागा मिळणार नाहीं, त्यांनींही खट्टू होऊं नये. रोगी भरपूर, परवानगी हातीं आणि हिशेब स्वच्छ, एवढें जेथें असेल तें नवें महाविद्यालयही निःशंकपणें पत्करावें.

जातां जातां एक गंमत. स्नेह्यांच्या मातोश्रींनीं जाहीर केलें आहे कीं, त्या आपली कवळी नातीच्याच हातून बसवून घेणार. त्यांना आमची हात जोडून विनंती आहे : आजीबाई, नातीवर भरंवसा अवश्य ठेवा, पण पांच वर्षें मऊ भातावर काढूं नका. आजच अकोल्यांतील एखाद्या दंतवैद्याकडे जा. दुसरी कवळी नात करील.