पटाबाहेरची मुले

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय उभारले आणि मराठवाड्यातील अनेक वस्त्यांना पहिला पदवीधर लाभला. परतूरच्या आमच्या निवासी शाळेने तोच वारसा चालविला. तथापि आज एक आठवण आम्हांस अस्वस्थ करते. कर्णबधिर वा मतिमंद लेकरांचे पालक दाराशी येत. 'तसे शिक्षक आमच्याकडे नाहीत,' असे सांगून आम्ही त्यांना परत पाठवीत असू. उत्तर खरे होते, पण ते बदलण्यासाठी आम्ही काहीच केले नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने समावेशक शिक्षणाची तरतूद केली. प्राथमिक स्तरावर अशा १० विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले. हा शिक्षक विशेष शिक्षणाच्या दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमातून घडतो, भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी आवश्यक असते.

आमचे अनेक माजी विद्यार्थी बी.एड.कडे वळतात. त्यांपैकी काहींनी ही वाट धरावी आणि दरवर्षी निदान एकाचे शुल्क संस्थेने व माजी विद्यार्थ्यांनी मिळून भरावे, असे आमचे आग्रहाचे मत आहे. करुणेचा पाठ आम्ही रोज वंदनेत म्हणतो; तो वर्गातही दिसला पाहिजे.