दिवा यंत्राचा, पहारा माणसाचा

ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकावर, इंदिरा पॉईंट येथे, १९७२ पासून देशाच्या सागरी सीमेचा दीपस्तंभ उभा आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तेथील किनारा चार मीटरहून अधिक खचला, वस्ती वाहून गेली. स्तंभ मात्र टिकला. आता सौरऊर्जेवरील स्वयंचलित दिवे अंधार पडताच पेटतात, उजाडताच मालवतात. ही सोय स्वागतार्हच आहे. परंतु नाविकाला वाट दाखवणारा दिवा शत्रूची नौका ओळखत नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर चालून आलेले दहशतवादी समुद्रमार्गेच आले, हे विसरता येणार नाही. यंत्र आले म्हणून दूरची बेटे ओस पाडणे आत्मघातकी ठरेल. तेथे माणसे सुरक्षित वसावीत, जागती राहावीत, ही राष्ट्राची जबाबदारी आहे.