पुन्हा बोर्डासमोर कशासाठी?

अपंगत्व पेन्शन नाकारली म्हणून जवान सशस्त्र दल न्यायाधिकरणाची पायरी चढतो. तारखांवर तारखा पडतात आणि अनेकदा शेवटी हुकूम निघतो: प्रकरण नव्या मेडिकल बोर्डाकडे पाठवा. या हुकमाचं समर्थन करणारे म्हणतात, न्यायाधीश काही डॉक्टर नव्हेत, आजाराचा निवाडा डॉक्टरांनीच करावा. ऐकताना पटतं. पण परत पाठवलेला प्रश्न खरोखर डॉक्टरकीचा असतो का?

माझ्या चुलत्यांचा बोर्डाचा कागद मी हातात घेऊन पाहिला आहे. डिस्चार्ज बुकाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला, घडीवरची शाई उडालेली. भरतीच्या वेळी कसल्याही आजाराची नोंद नाही. पुढे पंधरा वर्षं नोकरी, त्यातली काही बर्फात, आणि मग रक्तदाब. बोर्डाचा शेरा एका ओळीचा: सेवेशी संबंध नाही. का नाही? त्यासाठी असलेला रकाना कोरा.

या कोऱ्या रकान्याचं काय करायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी सांगून ठेवलं आहे. धरमवीर सिंग १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झाले आणि १९९४ मध्ये फिट्सच्या आजारामुळे त्यांना घरी पाठवलं गेलं. आजार मूळ प्रकृतीतलाच, असं म्हणून बोर्ड मोकळं झालं होतं. न्यायालयाने १९८२ चे पात्रता नियम उलगडून दाखवले. भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं. संबंध नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं लिहायची. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही, आणि वाजवी शंकेचा फायदा त्याचा. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की, न्यायालयाने त्यांना पुन्हा बोर्डाकडे धाडलं नाही. पेन्शन देणारा उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाचा निकाल कायम केला.

म्हणजे कारण न लिहिणं ही सरकारी बाजूची चूक आहे. ती सुधारायला प्रकरण परत पाठवायचं, तर कोरा पेपर देणाऱ्यालाच पुन्हा परीक्षेला बसवल्यासारखं होतं, आणि त्याची फी भरायची जवानाने. शिवाय साठीतल्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधून पस्तिशीत चौकीवर काय झालं ते कसं कळणार?

दुसरा आक्षेप पैशाचा. रक्तदाब, मधुमेह शहरात बसलेल्यालाही होतोच, मग जनतेच्या पैशातून पेन्शन का? आजार सगळ्यांना होतो हे खरं आहे. म्हणूनच तर नियमाने बोर्डाला नकाराची वाट ठेवली आहे, फक्त कारणासह. खोटे दावे पकडायचे तर भरतीची तपासणी कसून करा, बोर्डाचा अहवाल नीट लिहा. आणि शहरातला कारकून गोळी घेऊन निवृत्तीपर्यंत खुर्चीत बसतो, जवानाची मेडिकल कॅटेगरी उतरली की ऐन उमेदीत नोकरी जाऊ शकते. हा फरक पैशाचा हिशेब करणाऱ्यांनी विसरू नये.

नवी तपासणी कधीच नको, असं माझं म्हणणं नाही. आजार बळावला असेल आणि टक्केवारी ठरवायची असेल, तर ती हवीच. पण मुदत घालून, आणि तोवर मान्य झालेली पेन्शन चालू ठेवून. बाकी ठिकाणी कारण नसेल तर दावा तिथेच मंजूर व्हावा. आपल्याच सैनिकांशी चालणारे खटले कमी व्हावेत म्हणून मनोहर पर्रीकरांनी संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली होती. खटले कमी करायचे तर सुरुवात इथूनच करावी लागेल.

काकांना नव्या बोर्डाची तारीख आली तेव्हा आम्ही गाडी करून त्यांना लष्करी इस्पितळात नेलं. तरुण डॉक्टरांनी तोच कागद अलगद उलगडला, बराच वेळ पाहिला आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून काकांनाच विचारलं, इथे कारण का लिहिलेलं नाही?